समुद्र नसलेल्या गावात क्वारंटाइन : एका प्रशिक्षण वर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरातल्या एका प्रशिक्षण संस्थेत ‘साथीच्या काळातलं प्रशासन’ या विषयावर पाच दिवसांचा वर्ग होता. वर्गात तीसेक जण. नायब तहसीलदार, मंडळ अधिकारी, नगर परिषदांचे आरोग्य निरीक्षक, करनिरीक्षक, दोन गटविकास अधिकारी. मी महसूल खात्यातून निवृत्त झालेला, आणि माझ्यासोबत शिकवायला एक निवृत्त सरकारी डॉक्टरबाई. कुणाची ओळख पटू नये म्हणून वर्गाचं वर्ष आणि माणसांचे काही तपशील इथे बदलले आहेत. घडलेलं बदललेलं नाही.

दुसरा आणि तिसरा दिवस माझ्याकडे होता. मी विषय निवडला तो मुंबई बंदराचा : १८९६-९७ ची प्लेगची साथ, बंदरातली जहाजं, आणि त्यांना थांबवायचं की सोडायचं हा सरकारी निर्णय. फळ्यावर नाव लिहिताच मागून आवाज आला, “सर, नागपुरात बंदर कुठून आणलं?” त्यावर दुसरा म्हणाला, “अजनीला आहे ना जी, कंटेनर डेपो. कस्टमवाले बसतात तिथं.” वर्ग हसला, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ साली नागपुरात पोचली ती वऱ्हाड-नागपूरचा कापूस गोदीपर्यंत न्यायला. ज्या रुळांवरून गाठी गेल्या, त्याच रुळांवरून माणसं आली आणि माणसांसोबत रोगही. बंदर आठशे किलोमीटरवर असलं तरी त्याचा दरवाजा आपल्या स्टेशनात उघडतो, असं काहीतरी मी तेव्हा बोललो.

विषय निवडण्यामागचं खरं कारण वेगळं होतं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या प्रकरणात वर्गातल्या कुणाचाही साहेब सापडत नाही. लोक मोकळेपणाने बोलतील, असा माझा हिशेब. तो चुकला.

वर्गाला दिलेला मजकूर

पहिल्या दिवशी संध्याकाळी चार पानांची टाचणी केलेली प्रत सगळ्यांना दिली. तिचा गोषवारा असा.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी एका रुग्णाला गाठीचा प्लेग असल्याचं निदान केलं. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींची वस्ती, आणि पलीकडे गोदी : प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया डॉक १८८८ चा. त्या वर्षी वखारींमध्ये मेलेले उंदीर दिसत होते. रोग कुठून आला याबद्दल दोन तर्क होते. एक, हाँगकाँगहून जहाजाने, कारण तिथे १८९४ साली मोठी साथ होऊन गेली होती. दुसरा, गढवाल-कुमाऊँकडून आलेल्या यात्रेकरूंबरोबर. नक्की कुणालाच सांगता येत नव्हतं. रोगाचा जंतू येर्सिन यांनी १८९४ मध्येच हाँगकाँगला शोधला होता. तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे मात्र अंधारात होतं.

आता अधिकार कुणाचा ते पाहा. हा भाग मला फार आवडतो, कारण यातला गुंता आजच्या कुठल्याही तालुक्याला ओळखीचा वाटेल. गल्लीबोळ महानगरपालिकेचे, १८८८ च्या कायद्याखाली. गोदी पोर्ट ट्रस्टची, जो १८७३ सालापासून वेगळा कारभार. बंदरातल्या जहाजांना १८८९ चा बंदर कायदा, क्वारंटाइनचे नियम करायला १८७० चा वेगळा कायदा, आणि हज यात्रेकरूंच्या बोटींना १८९५ चा आणखी एक. वखारीतला माणूस गोदीच्या फाटकातून आत गेला की त्याचा कायदा बदलायचा. उंदराला फाटक नव्हतं.

पालिका आयुक्त स्नो यांनी ६ ऑक्टोबर १८९६ रोजी पालिका कायद्याच्या ४३४ व्या कलमाखाली जाहीरनामा काढला : संशयित रुग्णाला रुग्णालयात हलवायचं, घरात शिरून सफाई करायची, लागल्यास सक्तीने. २९ ऑक्टोबरला आर्थर रोड रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. माणसं शहर सोडू लागली. लाखो गेली. पुढे ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. आपण २०२० मध्ये वापरला तोच. जहाजं आणि प्रवासी तपासण्याचा आणि रोखून धरण्याचा अधिकार त्यात होता, हुकूम मोडणाऱ्याला भारतीय दंड संहितेचं १८८ वं कलम होतं, आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण होतं.

तिकडे युरोपातली राष्ट्रं फेब्रुवारी-मार्च १८९७ मध्ये व्हेनिसला परिषदेसाठी जमली होती. मुंबईहून येणारा माल आणि माणसं बंद करण्याची भीती डोक्यावर. ब्रिटिशांचा क्वारंटाइनला जुना विरोध. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यापासून तर जहाज एक दिवस अडकलं तरी व्यापाऱ्याच्या पोटात गोळा. त्यांचं म्हणणं असायचं की तपासणी करा, स्वच्छता करा, जहाज अडवू नका. आणि आता त्यांचंच मुंबई बंदर आजारी.

या पार्श्वभूमीवर मी एक काल्पनिक आगबोट उभी केली. फेब्रुवारी १८९७, गोदीत बोट तयार, हजला जाणारे प्रवासी तिकिटं काढून मुसाफिरखान्यांत थांबलेले. पाच गट, पाच भूमिका : बंदराचा आरोग्य अधिकारी, पालिका आयुक्त, जहाज कंपनीचा एजंट, प्रांतिक सरकारचा सचिव, यात्रेकरूंचा म्होरक्या. प्रश्न एकच, बोट सोडायची का?

अडचण

दोन तास ठेवले होते. वीस मिनिटांत पाचही गट एकाच उत्तराशी येऊन थांबले : थांबवा. जहाज कंपनीचा एजंट झालेल्या गटानेही तेच लिहिलं. मी विचारलं, तुमच्या मालकाचा पैसा बुडतोय, तुम्ही एवढ्या लवकर कसे तयार झालात? उत्तर आलं, “सर, पुढे काय झालं ते माहीत आहे ना.” मागून एकाने विचारलं, “चहा सांगू का सर?”

सगळ्यांनी कोविड पाहिलेला. प्लेग पिसवांमुळे पसरतो, हे शाळेत वाचलेलं. पुण्यात रँडचं काय झालं हेही पाठ. उत्तरपत्रिका हातात असताना परीक्षा घेतल्यासारखं झालं. १८९७ च्या माणसाला जे दिसत नव्हतं ते यांना दिसत होतं, आणि त्याच्या मूर्खपणावर हसायला सगळे मोकळे.

याहून मोठी गोष्ट चहानंतर घडली. एक मंडळ अधिकारी तोवर गप्प बसले होते. पन्नाशीचे, अंगाने आडवे, वहीत सुबक अक्षरात टिपणं काढणारे. ते उभे राहिले आणि म्हणाले, “सर, हे सगळं ठीक आहे. पण बोट थांबवल्यावर ते लोक गेले कुठं? संडास किती होते जी तिथं?”

२०२० च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे जबलपूर रोडवरच्या एका शाळेत उघडलेलं क्वारंटाइन केंद्र होतं. दक्षिणेकडून पायी निघालेले मजूर तिथे अडवून ठेवायचे. त्यांनी फार सांगितलं नाही, तीन-चार गोष्टीच सांगितल्या. शाळेला नळ दोन, त्यातला एक मुख्याध्यापकांच्या खोलीमागे कुलपात. पहिल्या रात्री जेवण आलं ते साडेअकराला. एका बाईने विचारलं, मला इथं कोणत्या कायद्यानं बसवलं, आणि किती दिवस? त्यांच्या हातात आदेश होता, पण त्यात कारण नव्हतं आणि दिवसांच्या जागी मोकळी रेघ होती.

“आदेशावर सही माझी नव्हती सर. पहारा माझा होता.”

चहाची मागणी करणाऱ्यानेही मग मान खाली घातली. मी घड्याळ पाहिलं. वर्ग संपायला अजून चाळीस मिनिटं होती आणि माझ्याजवळ त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी वर्ग लवकर सोडला. आज वाटतं, तेव्हाच थांबून त्यांना आणखी बोलू द्यायला हवं होतं.

समोरचे पर्याय

संध्याकाळी संस्थेच्या व्हरांड्यात डॉक्टरबाई आणि मी बसलो. उद्याचा अख्खा दिवस शिल्लक होता.

पहिला मार्ग सोपा : आराखडा तसाच पुढे चालवायचा. उद्या व्हेनिसचा करार, गॅटॅकर यांची प्लेग समिती, पुणे, असं व्याख्यान द्यायचं आणि प्रश्नोत्तरं घ्यायची. कुणी तक्रार केली नसती. अभिप्रायाच्या फॉर्मवर ‘उत्तम’ पडलं असतं. पण मंडळ अधिकाऱ्यांचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला असता, आणि तो ऐकलेल्या तीस जणांना कळलं असतं की इथे खरं विचारलं की विषय बदलतात.

डॉक्टरबाईंचं म्हणणं की बंदर सोडा, थेट २०२० घ्या. प्रत्येकाला आपल्या केंद्राची गोष्ट सांगू द्या. “माणसं भरून आलीत, वाट मोकळी करून द्या.” त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. मी नाही म्हटलं त्याची दोन कारणं. वर्गात दोन जण असे होते की एकाचा वरिष्ठ दुसरा त्या काळात होता. आणि ज्या निर्णयांच्या चौकश्या, लेखा-आक्षेप अजून टेबलांवर आहेत, त्यांच्याबद्दल सरकारी माणूस तीस जणांसमोर खरं बोलत नाही. सारवासारव करतो. मीही केली असती.

तिसरा माझा : प्रकरण तेच, पण माहिती एकदम द्यायची नाही. तारखेनुसार बंद पाकिटं. जे पाकीट उघडलं तेवढंच जग. गटांच्या भूमिका काढून टाकायच्या; सगळे एकाच खुर्चीत, प्रांतिक सरकारच्या सचिवाच्या, आणि प्रत्येक पाकिटानंतर अर्ध्या पानाची टिप्पणी.

यावर डॉक्टरबाईंनी जी दुरुस्ती सुचवली ती या सगळ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगी ठरली. त्या म्हणाल्या, “थांबवायचं की नाही एवढंच विचारलंत तर पुन्हा वीस मिनिटांत चहा. थांबवलं असं धरा, आणि त्यांना ते दहा दिवस चालवायला सांगा.” दहा हा आकडा त्यांनी व्हेनिसच्या करारातून घेतला होता, प्लेगसाठी नजरेखाली ठेवण्याची कमाल मुदत तिथे दहा दिवस धरली होती. चाळीस दिवस हा ‘क्वारंटाइन’ या शब्दाच्या मुळातला हिशेब, व्हेनिसच्याच बोलीतला. त्याच्याही आधी, १३७७ साली, रागुझा (आजचं क्रोएशियातलं डुब्रोव्हनिक) बंदराने तीस दिवस ठरवले होते. दिवसांचा आकडा रोग ठरवतो असं वाटतं. बघायला गेलं तर बराचसा तो व्यापार ठरवत आला आहे.

काय केलं

रात्री घरी बसून पाच पाकिटांचा मजकूर तयार केला. सकाळी सीताबर्डीतलं झेरॉक्सचं दुकान उघडायच्या आधी मी शटरसमोर उभा. खाकी पाकिटं घेतली, वर तारखा टाकल्या, डिंकाने चिकटवली. डिंक ओला असल्याने पहिली दोन पाकिटं वर्गात उघडताना फाटली.

पहिल्या पाकिटावर २३ सप्टेंबर १८९६. दुसऱ्यावर ऑक्टोबरअखेर, म्हणजे जाहीरनामा आणि रुग्णालयावरचा जमाव. तिसऱ्यावर फेब्रुवारी १८९७ : नवा कायदा, व्हेनिसची परिषद, गोदीतली बोट. चौथ्यात एकच ओळ होती, ‘बोट थांबवली आहे. यात्रेकरू धक्क्यावर आहेत. पुढचे दहा दिवस तुमचे.’ पाचवं मी टेबलाच्या खणात ठेवलं.

मोबाइल बाहेरच्या टेबलावर जमा केले. टिप्पणीला तीन रकाने दिले : आज काय माहीत आहे, आज काय माहीत नाही, आपण चुकलो तर कुणाचं काय जाईल. खाली सही, पूर्ण नावाने. सहीचा आग्रह थोडा नाटकी वाटला असेल, पण पेनं तिथे अडखळली. एका गटाने टिप्पणी लिहून दहा मिनिटं सही कुणी करायची यावर घालवली.

चौथ्या पाकिटानंतर हॉलचं रूप पालटलं. खुर्च्या भिंतीला लावल्या. मंडळ अधिकाऱ्यांनी खडू घेतला आणि फरशीवर छावणी आखायला बसले. इथे पाण्याचं पिंप. इथे संडास. मग उठून दोन्हींमधलं अंतर पावलांनी मोजलं, मान हलवली, संडास पुसला आणि वाऱ्याची दिशा विचारून पलीकडे काढला. स्वयंपाकाच्या चुली किती? तोवर कुणी विचारच केला नव्हता की यात्रेकरू एका गावचे नाहीत, एका भाषेचे नाहीत, सोबत म्हातारी माणसं आहेत, बायका आहेत. बायकांची तपासणी कोण करणार? १८९७ मध्ये रेल्वे स्टेशनांवर पुरुष डॉक्टरांनी बायकांना तपासल्यावरून केवढा संताप उसळला होता, ते मी तेव्हा सांगितलं. पाकिटात ते नव्हतं, वर्गाने स्वतःहून विचारलं म्हणून. मग पैसा. दहा दिवसांचं अन्न कुणाच्या खात्यातून? बुडालेलं भाडं कंपनी परत देणार का? एक गटविकास अधिकारी आकडेमोड करता करता म्हणाले, “हे शीर्षकच नाही ना सर अंदाजपत्रकात.” मी म्हटलं, तेव्हाही पालिका आणि प्रांतिक सरकार यांच्यात खर्चावरून ओढाताण होतीच. ते म्हणाले, “म्हणजे काहीच बदललं नाही, बाप्पा.”

दुपारी एका शब्दावरूनही वाद झाला, आणि मी तो मुद्दाम थांबवला नाही. आजारी माणसाला वेगळं ठेवणं एक, आणि आजारी नसलेल्या पण संपर्कात आलेल्या माणसाला थांबवून ठेवणं दुसरं. आपल्या आदेशांत कधी विलगीकरण, कधी अलगीकरण, कधी दोन्हींसाठी विलगीकरणच. २०२० च्या मार्चमध्ये डाव्या हाताच्या पालथ्या बाजूला शिक्का मारलेला माणूस दोन्हींपैकी कोण, हे त्याच्या शेजाऱ्यांना कळत नव्हतं. कळत नव्हतं म्हणून ते त्याला रोगीच समजत होते. एका आरोग्य निरीक्षकाने बंदरातलं उदाहरण विचारलं, तेव्हा पिवळ्या निशाणाची गोष्ट सांगितली. एके काळी पिवळं निशाण म्हणजे जहाजावर रोग किंवा त्याचा संशय. आजच्या संकेतात तेच पिवळं निशाण सांगतं की आमचं जहाज निरोगी आहे, बंदरात यायची परवानगी द्या. रंग तोच राहिला, अर्थ पार उलटा झाला.

निष्पत्ती

दुसऱ्या वेळी, तिसऱ्या पाकिटावर, पाच गटांची उत्तरं जुळली नाहीत. दोघांनी बोट थांबवली. दोघांनी दहा दिवस शहराबाहेर छावणीत ठेवून मग सोडायचं ठरवलं. एका गटाने चक्क बोट सोडली, प्रत्येक प्रवाशाची डॉक्टरी तपासणी करून, आणि तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर ऑटोमन सरकारचं क्वारंटाइन ठाणं आहेच, या आधारावर. या गटावर बाकीचे तुटून पडले. पण त्यांची टिप्पणी पाचांत सर्वांत नीट होती. त्यांनी लिहिलं होतं की शहरात लोकांना अडकवून ठेवणं हे सुरक्षित आहे असं आज सिद्ध नाही, कारण रोग शहरातच आहे. मला ते मान्य नाही. खोडताही आलं नाही.

प्रत्यक्षात काय झालं, तर १८९७ च्या हंगामात सरकारने मुंबई आणि कराचीहून हजच्या बोटी बंद केल्या. यात्रेकरूंच्या नाराजीची धास्ती असूनही. व्यापार वाचवायला युरोपला काहीतरी दाखवणं भाग होतं, आणि दाखवायला सोपं ते दाखवलं. गव्हाची बोट थांबवण्यापेक्षा गरीब यात्रेकरूची बोट थांबवणं स्वस्त पडतं, हे माझं मत. वर्गात मी ते मत म्हणूनच मांडलं.

मग पाचवं पाकीट उघडलं. जून १८९८, कराची. पॉल-लुई सिमोंड यांनी प्रयोग करून दाखवलं की उंदरावरून उंदरावर रोग नेते ती पिसू. त्यावरही बरीच वर्षं कुणी फारसा विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर प्लेग संशोधन आयोगाच्या कामाने ते पक्कं झालं. तोवर माणसं तपासली, गटारं धुतली, भिंतींना चुना मारला, कपडे जाळले. मुंबईची लोकसंख्या १८९१ मध्ये ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली.

हे वाचून होताच तिसऱ्या गटातल्या एका करनिरीक्षक ताईंनी आपली सकाळची पहिली टिप्पणी मागून घेतली. मी ती नंतर पाहिली. ‘आज काय माहीत नाही’ या रकान्यात दुसऱ्या ओळीवर त्यांनी लिहिलं होतं, ‘उंदीर का मेले?’ आणि त्यावर आडवी रेघ. गटातल्या वरिष्ठांनी सांगितलं होतं की तो वखारवाल्यांचा विषय, आपला नाही. ताईंनी काही वाद घातला नाही. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि वरिष्ठांनी त्यांच्यासाठी चहा आणला.

सहा-सात महिन्यांनी मंडळ अधिकाऱ्यांनी मला व्हॉट्सॲपवर एका मसुद्याचा फोटो पाठवला. त्यांच्या तालुक्यात तात्पुरती मनाई घालण्याच्या आदेशाचा नमुना नव्याने करायचा होता. त्यांनी त्यात दोन ओळी घातल्या होत्या : ‘आदेशाच्या दिनांकास ज्ञात असलेली कारणे’ आणि ‘पुनर्विचाराचा दिनांक’. दुसरी ओळ राहिली. पहिलीवर हिरव्या शाईत शेरा होता, ‘अनावश्यक’. खाली त्यांचा मेसेज : “अर्धं तं झालं सर.”

आता करायचं झालं तर

यात्रेकरूंची भूमिका माझ्या पहिल्या दिवशी मी एका गटाच्या गळ्यात घातली, आणि त्यांनी ती गंमतीने केली. आवाज काढले, हातवारे केले. मी हसलो नाही, पण थांबवलंही नाही. वर्ग संपल्यावर एक नायब तहसीलदार मला जिन्यात भेटले. म्हणाले, “सर, माझे आजोबा मुंबईहून बोटीनेच हजला गेले होते.” मुंबईहून हजची बोट १९९५ पर्यंत जात होती, म्हणजे ही कुणाच्या तरी घरातली आठवण आहे, इतिहासाचं पुस्तक नाही. दुसऱ्या दिवशी भूमिका काढल्याने ते आपोआप मिटलं, पण त्यांच्याशी मी वर्गासमोर काही बोललो नाही. पुढच्या वेळी यात्रेकरूंचा आवाज अर्जाच्या रूपाने पाकिटात येईल, म्हणजे तिकिटाची किंमत, किती दिवस थांबलो, कुणाकडे उसने घेतले असा. सोंग घ्यायला लावायचं नाही.

आत येणारं जहाज आणि बाहेर जाणारं जहाज यांत मी घोळ घातला होता. आत येणाऱ्याला क्वारंटाइनचे नियम. बाहेर जाणाऱ्याची वैद्यकीय तपासणी, आणि त्यापलीकडे दुसऱ्या देशाचे नियम. पहिल्या दिवसाच्या चार पानांत हे एकाच परिच्छेदात कोंबलं होतं. दोन गटांची अर्धी टिप्पणी चुकीच्या कायद्यावर गेली, तो दोष त्यांचा नव्हता. आपल्या काळाचा धागाही जोडायला हवा : १९०८ चा बंदर कायदा (२०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा झाला), त्याखालचे १९५५ चे बंदर आरोग्य नियम, २०२० च्या फेब्रुवारीत योकोहामाला अडकलेलं ‘डायमंड प्रिन्सेस’. त्या जहाजावर ३,७११ माणसं होती आणि ७१२ जणांना लागण झाली. अडवून ठेवणं हेच काही वेळा रोगाला बंद खोली मिळवून देतं, हे तिथे उघड दिसलं. वर्गात कुणीतरी ते नाव घेतलं आणि मी वेळ नाही म्हणून पुढे सरकलो.

रेल्वेचं पाकीट तर राहूनच गेलं. नागपुरात शिकवताना सगळं लक्ष गोदीवर आणि ज्या गाड्यांतून माणसं मुंबई सोडून निघाली त्यांवर काही नाही, हे हास्यास्पद आहे. बोट एका फाटकातून सुटते. गाडी दर स्टेशनाला थांबते. ते पाकीट आता तयार आहे. त्यात मंडळ अधिकाऱ्यांच्या शाळेचा आराखडाही घातला आहे, त्यांच्या परवानगीने, गावाचं नाव काढून. कुलपातला नळ आराखड्यात दाखवला आहे.

आणि पहिल्या पाकिटातलं वखारीतल्या उंदरांचं वाक्य. डॉक्टरबाई म्हणतात, ते ठळक अक्षरात छापा, निदान एका तरी गटाच्या नजरेत भरू दे. मी ते होतं तसंच, सातव्या ओळीत, धान्याच्या भावाच्या वाक्याला लागून ठेवलं आहे.